ओळीच्या टोकाला ठरलेला गिअरबॉक्स: पाच एकर द्राक्षबागेसाठी पहिला छोटा ट्रॅक्टर

निफाड तालुक्यात माझ्या मावसभावाची पाच एकर द्राक्षबाग आहे. लागवड नऊ बाय पाच फुटांची, वेल चढवायची मांडणी इंग्रजी वाय आकाराची, जमीन काळी आणि भारी. आजवर घरचा ट्रॅक्टर नव्हता. नांगरट, शेणखत, मुरूम सगळं भाड्याने, आणि फवारणीला गावातल्याच एकाचा ट्रॅक्टर ब्लोअरसकट, म्हणजे पंख्याच्या हवेने औषध उडवणाऱ्या यंत्रासकट, यायचा. 2025 मध्ये पाऊस मे महिन्यातच सुरू झाला आणि लांबत गेला, तेव्हा भावाने ठरवलं की गोडी छाटणीच्या, म्हणजे फळासाठीच्या छाटणीच्या, आत स्वतःचा छोटा ट्रॅक्टर दारात उभा पाहिजे. पाऊस उघडला की सगळ्या गावाला त्याच दोन तासांत फवारणी हवी असते. भाड्याच्या ट्रॅक्टरच्या यादीत आपला नंबर सातवा असला म्हणून डाऊनी हा द्राक्षाचा बुरशीसारखा रोग थांबत नाही.

मी राहुरीला कृषी अभियांत्रिकी शिकलो, एवढ्या भांडवलावर नात्यातले लोक मला अवजारांबद्दल विचारतात. भावाचा पहिला प्रश्न नेहमीचाच: "दादा, किती एचपीचा घेऊ?" घरात तोपर्यंत तीन मतं तयार झाली होती. काकांचं म्हणणं, घ्यायचाच तर चाळीस-पंचेचाळीसचा मोठा घ्या, चार लोकांची नांगरट करून हप्ता तरी निघेल. पुतण्या अमेरिकेतले व्हिडिओ पाहून आलेला. तिकडे छोट्या ट्रॅक्टरला गिअरच बदलावे लागत नाहीत, उजव्या पायाखाली दोन पेडल, एक दाबलं की पुढे, दुसरं दाबलं की मागे. आपल्याला तसलाच पाहिजे. आणि भाऊ म्हणत होता, शेजाऱ्याकडे आहे तोच घेऊन टाकू, निदान बिघडला तर मेकॅनिक ओळखीचा.

काकांचा मुद्दा टेपने मिटला. नऊ फूट म्हणजे 2743 मिलिमीटर. त्यातून बोदाचे, म्हणजे वेलींखालच्या मातीच्या उंचवट्याचे, साडेतीन फूट गेले की दोन बोदांच्या मध्ये चाकांना साडेपाच फूट उरतात, आणि डिसेंबरात दोन्ही बाजूंनी काड्या आत लोंबायला लागल्या की मधली मोकळी जागा आणखी कमी होते. चाळीसचा ट्रॅक्टर एवढ्यात शिरलाच तर मडगार्डने घड खरवडत जाईल. नांगरट वर्षातून एकदा, तीही बागेबाहेरच्या दीड एकरात; ती भाड्यानेच परवडते. काकांना हे पटलं असं नाही, पण टेप त्यांनी स्वतः धरली होती, त्यामुळे वाद पुढे वाढला नाही.

राहिला गिअरबॉक्स. आणि खरं प्रकरण इथेच आहे.

रोग कुठून सुरू झाला होता

भाऊ बोलता बोलता एक गोष्ट सांगून गेला, जी त्याला ट्रॅक्टरशी संबंधित वाटतच नव्हती. मागच्या हंगामात पानांवर डाऊनीचे पिवळे तेलकट डाग पहिल्यांदा दिसले ते बागेच्या कडेला, ओळींच्या टोकाच्या दोन-तीन झाडांवर. त्याचा समज असा की बांधावरच्या गवतातून ओल येते. असेलही. पण भाड्याच्या ट्रॅक्टरवाल्याची फवारणी मी एकदा उभं राहून पाहिली होती, आणि मला दुसराच संशय आला.

तो ट्रॅक्टर साध्या एकेरी क्लचचा होता. एकेरी क्लच म्हणजे पेडल दाबलं की इंजिनाची ताकद गिअरबॉक्सकडेही जात नाही आणि पीटीओकडेही, म्हणजे मागच्या अवजाराला ताकद देणाऱ्या फिरत्या दांड्याकडेही, नाही. ओळ संपली की चालक क्लच दाबायचा, पीटीओ जोडायचा-सोडायचा दांडा न्यूट्रलला टाकायचा, मग गिअर बदलून वळायचा. दांडा आधी न्यूट्रलला टाकणं भागच असतं, कारण ब्लोअरचा पंखा क्लच दाबल्यावरही काही क्षण स्वतःच्या जोरावर फिरत राहतो आणि पीटीओच्या शाफ्टमधून उलटा गिअरबॉक्सला फिरवतो. अशा वेळी गिअर टाकायला गेलं की खर्र आवाज येतो, आणि गिअरमध्येच असला तर ट्रॅक्टर हातभर पुढे सरकतो. पुढे ओळीच्या टोकाचा अँगल, म्हणजे लोखंडी खांब, आणि त्याच्या ताणाची तार. यावर पीटीओला ओव्हररनिंग कपलिंग मिळतं, जे ताकद एकाच दिशेने जाऊ देतं; पण आपल्याकडे ते लावलेले छोटे ट्रॅक्टर मी फारसे पाहिलेले नाहीत.

तर वळून झालं, चालकाने नव्या ओळीत तोंड घातलं, पीटीओ पुन्हा जोडला, क्लच सोडला. पंखा आणि पंप शून्यापासून उठायला तीन-चार सेकंद घेतात, आणि तेवढ्यात ट्रॅक्टर चालायला लागलेला असतो. ताशी चार किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळजवळ पावणेचार फूट. चार सेकंदांत पंधरा फूट. पाच फुटांवर एक झाड, म्हणजे तीन झाडांवर दाब नसलेलं, हवा नसलेलं पाणी पडतं. शहाणा चालक ओळीबाहेरच दाब येऊ देतो आणि मग आत शिरतो. पण इथे बांध आणि शेवटचा अँगल यांच्यात जेमतेम बारा फूट जागा आहे. मागे ओढायचा ब्लोअर सरळ होईपर्यंत ट्रॅक्टर ओळीत शिरलेला असतो.

पाच एकरांत नऊ फुटांच्या अंतराने ओळींची एकूण लांबी 24,200 फूट होते, साधारण सव्वासात ते साडेसात किलोमीटर. भावाच्या ओळी दोनशे फुटांच्या आसपास, म्हणजे एकशेवीस ओळी, एकशेवीस वळणं. प्रत्येक ओळीच्या सुरुवातीची तीन झाडं धरली तर 360 झाडं. पाच एकरांत झाडं आहेत 4840. शंभरात सात झाडांना प्रत्येक वेळी अर्धवट औषध. डाऊनीला याहून कमी जागा पुरते.

हे गणित मांडल्यावर भाऊ बराच वेळ वहीकडे बघत बसला. मग म्हणाला, "म्हणजे मी औषध बदलत होतो, आणि बदलायला पाहिजे होता क्लच?" पूर्ण तसं नाही, गवताची ओलही खरीच. पण ट्रॅक्टर निवडायचा निकष मिळाला: वळणावर पीटीओ चालू राहिला पाहिजे.

पेडलवाला ट्रॅक्टर का नाही

पुतण्याची कल्पना मी लगेच मोडीत काढली नाही, कारण तांत्रिकदृष्ट्या ती चुकीची नव्हती. त्या ट्रॅक्टरात हायड्रोस्टॅटिक ट्रान्समिशन असतं. इंजिन तेलाचा एक पंप फिरवतं, पंपाचं तेल दुसऱ्या मोटरला फिरवतं, मोटर चाकांना. पेडल दाबलं की पंपातल्या तिरप्या तबकडीचा कोन बदलतो, तेल कमी-जास्त जातं आणि वेग बदलतो. इंजिनाचे फेरे मात्र जिथे ठेवले तिथेच. म्हणजे पीटीओ मिनिटाला 540 फेऱ्यांवर स्थिर ठेवून ताशी शून्यापासून हवा तो वेग. ब्लोअर चालवणाऱ्याला याहून दुसरं काय हवं?

अडचणी वेगळ्या आहेत. तेलातून ताकद नेताना गिअरच्या मानाने जास्त ताकद उष्णतेत जाते. मोठं घर, हिरवळ, पुढे लोडर, दर मिनिटाला पुढे-मागे, अशा अमेरिकेतल्या वापरात तो तोटा कोणी मोजत नाही, सोय मोजतात. आपल्याकडे चोवीस-सत्तावीस एचपीच्या ट्रॅक्टरला सहाशे लिटरचा भरलेला ब्लोअर चिखलातून ओढायचा आणि पंखाही फिरवायचा; तिथे प्रत्येक एचपीचा हिशोब लागतो. हे तंत्र आपल्या मातीत नवं आहे असंही नाही, भाताच्या कंबाइन हार्वेस्टरमध्ये आणि बसून चालवायच्या लावणी यंत्रांत ते असतं. पण शेतीच्या छोट्या ट्रॅक्टरात, पिंपळगाव-नाशिकच्या ज्या एजन्सी आम्ही पालथ्या घातल्या, त्यातल्या एकीतही तो उभा नव्हता. बाहेरून आणला तर सील गेल्यावर नोव्हेंबरात कोणाचं दार वाजवायचं, या प्रश्नावर पुतण्याही गप्प बसला.

म्हणून निवड उरली ती गिअरवाल्यांतूनच, आणि त्यांच्यातही जाती आहेत. स्लायडिंग मेश हा जुना, साधा प्रकार: गिअरचं चाकच सरकून दुसऱ्याच्या दात्यांत बसतं, त्यामुळे पूर्ण थांबल्याशिवाय टाकता येत नाही. कॉन्स्टंट मेशमध्ये दाते कायम एकमेकांत असतात आणि फक्त कॉलर सरकते. आवाज कमी, दात्यांची झीज कमी, पण शेतात बदलताना थांबावं लागतंच. सिंक्रो शटलमध्ये स्टिअरिंगजवळ एक छोटा दांडा असतो. वर केला की पुढे, खाली केला की मागे, मूळ गिअर तोच. क्लच दाबावा लागतो, पण गिअरचा दांडा चाचपडत "रिव्हर्स कुठंय" असं शोधावं लागत नाही.

बाजारात त्या वेळी डोळ्यांसमोर असलेली नावं सगळ्यांना माहीत आहेत. महिंद्राचा जिवो 245 डीआय, 24 एचपी, दोन सिलिंडर, 8 पुढचे आणि 4 मागचे गिअर. कुबोटाचा बी2441, तोही 24 एचपीचा, पण तीन सिलिंडर आणि 9 अधिक 3. स्वराजचा 724 एक्सएम ऑर्चर्ड, दोन चाकी ओढीचा. जॉन डिअरचा 3028 ईएन, 28 एचपी, 8 अधिक 8. महिंद्राने 15 ऑगस्ट 2023 ला केपटाऊनमध्ये आणलेली ओजा मालिका, 12 अधिक 12, सिंक्रो शटल, सगळे फोर व्हील. त्यातल्या 2127 ची तेव्हाची पुण्यातली शोरूम किंमत 5,64,500 होती. याशिवाय व्हीएसटी, कॅप्टन, सोलिस. माहितीपत्रकात प्रत्येकाचे गिअर मोठ्या अक्षरात छापलेले असतात. क्लच कसला आणि पीटीओ कशावर चालतो हे बारीक अक्षरात, कधी कधी तर छापलेलंच नसतं. एका शोरूममध्ये मी विचारलं की क्लच अर्धा दाबल्यावर पीटीओ चालू राहतो का, तर विकणाऱ्या मुलाने मला सीटच्या गादीची वॉरंटी सांगितली.

टेप, चुना आणि मोबाइल

डेमोला तीन ट्रॅक्टर आले. त्यांची नावं देत नाही, अ, ब आणि क म्हणतो. ही अक्षरं वरच्या नावांच्या क्रमाने लावलेली नाहीत, कोणी तसं जुळवू नये. अ हा दोन चाकी, स्लायडिंग मेश, एकेरी क्लच, तिघांत स्वस्त. ब हा फोर व्हील, कॉन्स्टंट मेश, पण पीटीओ मुख्य क्लचवरच. क हा फोर व्हील, सिंक्रो शटल, आणि पीटीओचा क्लच वेगळा, हाताच्या दांड्यावर.

आमची अट एकच होती: डेमो आमच्या बागेत, आमच्या ओळीत, पाण्याने भरलेला ब्लोअर मागे लावून. एका एजन्सीवाल्याने डांबरी रस्त्यावर रिकाम्या ट्रॉलीचा डेमो देऊ केला, तो घेतला नाही.

ओळीत चुन्याने शंभर फुटांवर दोन रेघा मारल्या. पीटीओ 540 वर येईल इतका थ्रॉटल, आणि प्रत्येक गिअरमध्ये शंभर फूट जायला किती सेकंद, ते मोबाइलवर. याचं सोपं गणित आहे: 110 ला सेकंदांनी भागलं की ताशी किलोमीटर येतात. 27 सेकंद लागले तर चार किलोमीटर. आम्हाला साडेतीन ते साडेचारच्या मध्ये एक तरी गिअर हवा होता.

अ चं इथेच बिनसलं. त्याच्या एका गिअरला 45 सेकंद लागले, त्याच्या वरच्याला 20. म्हणजे एकतर ताशी 2.4 किंवा एकदम साडेपाच, मधे काही नाही. हे का महत्त्वाचं, ते पाण्यावरून कळतं. पूर्ण कॅनॉपीत, म्हणजे पानांचा विस्तार भरलेला असताना, भाऊ एकरी 400 लिटर धरतो. एका एकरात ओळींची लांबी 4840 फूट, म्हणजे 1475 मीटर. ताशी चारने ती बावीस मिनिटांत संपते, तर नोझलमधून मिनिटाला अठरा लिटर जायला हवेत. त्याच नोझलने 2.4 च्या वेगात गेलात तर एकरी साडेसहाशे लिटर पडतात, औषध पानांवरून निथळून बोदावर. साडेपाचने गेलात तर तीनशेसुद्धा पुरे पडत नाहीत. यावर गावात एक उपाय सर्रास चालतो: वरच्या गिअरमध्ये टाकायचं आणि थ्रॉटल कमी करायचा. वेग साडेपाचवरून चारवर येतो खरा, पण पीटीओही 540 वरून चारशेच्या खाली येतो, पंख्याची हवा त्याच प्रमाणात घटते, आणि आतल्या पानांच्या मागच्या बाजूला, जिथे डाऊनीची पांढरी बुरशी बसते, तिथे थेंब पोचत नाही. बाहेरून झाड ओलंचिंब दिसतं. मालक खूश, रोगही खूश.

ब ला हवा तो गिअर होता. 28 सेकंद, जवळजवळ नेमका. इंजिन गोड, ओळीत ट्रॅक्टर सरळ जात होता, आदल्या रात्री झालेल्या पावसाने वापसा नसतानाही पुढची चाकं ओढत होती. अ तिथे एका ओळीत फिरून फिरून घळ पाडून आला होता. भावाचं मन ब वर बसलंच होतं. मग टोकाला वळायची वेळ आली आणि जुनीच गोष्ट: क्लच, पंखा थांबेपर्यंत वाट, पीटीओ न्यूट्रल, रिव्हर्स, पुन्हा पुढचा गिअर, पुन्हा पीटीओ. चालक एजन्सीचा, सरावलेला, तरी सरासरी पन्नास सेकंद. शिवाय मी ओळीच्या तोंडाशी उभं राहून पहिल्या काही झाडांच्या पानांना कागदाच्या पट्ट्या टाचणीने लावल्या होत्या. पाणीच होतं, पण कागदावर डाग दिसतात. पहिल्या झाडाच्या पट्टीवर मोठे ओघळ, दुसऱ्यावर विस्कळीत ठिपके, चौथ्यापासून बारीक, दाट. हे पाहिल्यावर काकांनी चष्मा काढून पट्टी उजेडात धरली आणि म्हणाले, "दोन पैशाचा कागद, पण बोलला बघ." त्यानंतर त्यांनी मोठ्या ट्रॅक्टरचा विषय काढला नाही, निदान माझ्यासमोर.

क चं वळण तीस सेकंदांत होत होतं. शटलचा दांडा खाली, थोडं मागे, दांडा वर, पुढे. पंखा एकदाही थांबला नाही. एकशेवीस वळणांना वीस-वीस सेकंद वाचले तर चाळीस मिनिटं होतात. ओळींमधलं चालणं दोन तासांच्या आतबाहेर असताना चाळीस मिनिटं हा छोटा आकडा नव्हे, विशेषतः साडेदहानंतर वारा सुटतो तेव्हा. पण एक गोष्ट आम्हाला डेमोतच कळली. पीटीओ चालू राहतो म्हणजे फवाराही चालू राहतो. पहिल्या दोन वळणांना बांध, काकांची मोटारसायकल आणि मी, तिघेही भिजलो. वळताना नोझलचा व्हॉल्व्ह बंद करायचा आणि ओळीत शिरताना उघडायचा, तर दाब आत तयार असतो आणि पहिल्या झाडापासून पूर्ण धुकं मिळतं. ब्लोअरचा व्हॉल्व्ह मागे टाकीपाशी होता. चालकाला हात पुरेल अशा जागी तो आणल्याशिवाय वेगळ्या पीटीओ क्लचचा अर्धा फायदाच मिळणार होता.

दुहेरी क्लचवाला चौथा पर्यायही चर्चेत होता: एकच पेडल, अर्धं दाबलं की चाक थांबतं आणि पीटीओ चालू, पूर्ण दाबलं की दोन्ही बंद. कागदावर छान. पण एकशेवीस वळणांत थकलेला पाय अर्ध्यावर थांबत नाही, तो तळाला जातो. मजुराच्या हातात ट्रॅक्टर देणार असाल तर हाताचा दांडा बरा, हे माझं मत. काही जुने चालक याच्या उलट सांगतील.

बाकीचे प्रश्न

एचपीवर मी फार वेळ घालवला नाही. ब्लोअरवाल्याने पीटीओवर किमान अठरा एचपी मागितले होते. इंजिनाचे चोवीस असले तरी पीटीओला त्याहून कमी येतात, आणि किती ते मॉडेलनुसार बदलतं. इथे माहितीपत्रकापेक्षा मध्य प्रदेशातल्या बुदनीच्या केंद्रीय चाचणी संस्थेचा अहवाल मागावा. त्यात पीटीओची मोजलेली ताकद, वळणाची त्रिज्या, मागचं अवजार उचलणाऱ्या लिफ्टची क्षमता सगळं असतं, आणि एजन्सीकडे तो असतो, फक्त काढायला कंटाळा करतात. लिफ्टचा आकडा कुठल्या बिंदूला मोजला तेही बघायचं. 750 किलो हा बहुधा खालच्या दांड्यांच्या टोकाचा असतो, मागे दोन फुटांवर वजन टांगलं की तेवढा राहत नाही. चारशे लिटरचा लिफ्टवरचा ब्लोअर घेऊन बांध चढताना पुढची चाकं हलकी होतात ती यामुळेच. आम्ही ओढायचाच ठेवला.

सायलेन्सर उभा असेल तर वायच्या तारांखाली तो पानं भाजतो. क चा आडवा होता. मागचा सुरक्षेचा दांडा दुमडता येत होता, तोही तपासला. पिंपळगावच्या वर्कशॉपमध्ये जाऊन क्लच प्लेट, पीटीओचं सील आणि पुढच्या धुऱ्याचं ऑइल सील आत्ता कपाटात आहे का, एवढंच विचारलं. "मागवून देऊ" हे उत्तर ऑक्टोबरात चालत नाही.

पैशांचं एका तारखेवर अडलं होतं. ऑगस्टच्या कोटेशनमध्ये ट्रॅक्टरवर 12 टक्के जीएसटी होता, आणि 3 सप्टेंबरला तो 22 तारखेपासून 5 टक्के होणार असं जाहीर झालं. क ची मूळ किंमत साडेपाच लाख धरली तर जुन्या दराने 6,16,000 आणि नव्याने 5,77,500, म्हणजे साडेअडतीस हजारांचा फरक. एजन्सीवाला "आजच बुक करा, बाकी बघून घेऊ" म्हणत होता. भावाने बयाणा दिला पण बिल 22 नंतरच्या तारखेचं घेतलं. ब आणि क मध्ये पाऊण लाखाचं अंतर होतं, त्यातलं निम्मं असं भरून निघालं. महाडीबीटी या सरकारी पोर्टलवरचं अनुदान मात्र सोडावं लागलं: पूर्वसंमती येण्याआधी खरेदी केली की ते मिळत नाही, आणि छाटणी पूर्वसंमतीची वाट पाहत नाही. यावरून घरात दोन दिवस अबोला होता.

पहिला हंगाम

गोडी छाटणीनंतर पोंगा अवस्थेपासून, म्हणजे डोळे फुटू लागल्यापासून, क बागेत आहे. ब्लोअरचा व्हॉल्व्ह गावातल्या वेल्डरकडून पट्टी लावून सीटच्या उजव्या हाताला आणला, पाइप दाबाला टिकणारा घातला. ओळींच्या टोकाची झाडं मी दर फेरीला मुद्दाम बघतो. ऑक्टोबराच्या शेवटच्या पावसात डाऊनी सगळ्यांकडे आला, भावाकडेही आला, पण या वेळी तो कडेवरून आत सरकत आला नाही. बागेच्या मध्ये, पाणी साचणाऱ्या खोलगट पट्ट्यात आधी दिसला. यंत्राने जे व्हायचं ते झालं, उरलेलं निचऱ्याचं काम आहे.

शटलबद्दल एक तक्रार लिहून ठेवतो, ती ट्रॅक्टरची नाही, चालकाची. पुतण्याला वाटतं की सिंक्रो म्हणजे चालत्या गाडीत उलटा टाकायची परवानगी. ट्रॅक्टर पुढे घरंगळत असतानाच तो दांडा खाली ओढतो. मागे भरलेली टाकी असते आणि तो सगळा धक्का सिंक्रोच्या पितळी कड्यांना आणि क्लच प्लेटला बसतो. चाक थांबलं की मगच दांडा, हे त्याला सांगून काका थकले. आता दिवसाआड मजूर ट्रॅक्टर चालवतो आणि तो जास्त जपून चालवतो.

डिसेंबरात भावाचा मेहुणा सटाण्याहून आला, त्याला चार एकर डाळिंबासाठी ट्रॅक्टर घ्यायचा होता. क वर बसून एक ओळ मारली आणि तिथेच म्हणाला, हाच घेतो. त्याची लागवड चौदा बाय दहा, ओळी लांब, टोकाला बैलगाडी फिरेल एवढी मोकळी जागा. ट्रॅक्टर न थांबता एका गिअरमध्ये गोल वळून पुढच्या ओळीत शिरतो. रिव्हर्सची गरजच नाही, क्लच दाबायचा नाही, पंखा थांबायचा प्रश्न येत नाही. त्याला मी ब सुचवला. पाऊण लाख वाचतील त्यात चांगली नोझल आणि शेततळ्यापासून टाकी भरायला मोठा पंप येईल, कारण त्याचा खरा वेळ जातो तो टाकी भरण्यात. त्याने ऐकलं, पण जाताना शटलचा दांडा दोनदा वर-खाली करून पाहिलाच.